तेल थांबले, की घड्याळ सुरू होते

मुंबई हायपासून उरणपर्यंत आणि आता बंगालच्या उपसागरातील खोल पाण्यातही तेलवाहिन्या समुद्रतळावर पसरल्या आहेत. त्यांची खरी परीक्षा त्या वाहत असताना होत नाही, बंद पडल्यावर होते. सातारा-सांगलीच्या गुऱ्हाळांना आणि साखर कारखान्यांना ठाऊक असलेले हे गणित देशाच्या तेलविषयक चर्चेत मात्र क्वचितच ऐकू येते.

कराड, वाळवा, शिराळा भागात गुऱ्हाळ पाहिलेल्या कुणालाही एक गोष्ट सांगावी लागत नाही. काहिलीतले आधण तयार झाले, की गुळव्याला उसंत नसते. काहील उतरवायची, रस वाफ्यात ओतायचा, घोटायचा आणि साच्यांत भरायचा. ही कामे ठरलेल्या वेळेतच व्हावी लागतात. मध्येच काही अडले आणि रस जागच्या जागी निवला, तर ढेप साच्यात न होता वाफ्यातच धरते. चुलवाण पेटलेले असताना रस हुकमात असतो. तो निवू लागला, की हुकूम वेळेचा चालतो.

साखर कारखान्यात हेच मोठ्या प्रमाणावर घडते. साखरेचे कण आणि मळी यांचा दाट लगदा, ज्याला कारखान्यात मॅसेक्विट म्हणतात, पॅनमधून बाहेर पडताना साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअस तापमानाचा असतो. पाऊस पडून ऊसतोड थांबली किंवा मिलमध्ये बिघाड झाला, तर गाळप थांबते. बॉयलिंग हाऊसमधल्या कामगारांना मात्र तेव्हा हात बांधून बसता येत नाही. भरलेल्या नळ्या रिकाम्या कराव्या लागतात, त्यांत वाफ किंवा गरम पाणी सोडावे लागते. नाही तर नळी आतून दगडासारखी होते आणि पुढे ती उघडून साफ करावी लागते.

आता हीच नळी जमिनीवर नाही, समुद्राच्या तळाशी आहे, असे समजा. ती शंभर-दोनशे किलोमीटर लांब आहे. बाहेर चारी बाजूंनी थंड पाणी आहे. आत मेणयुक्त तेल किंवा दाबाखालचा वायू आहे. ती उघडून साफ करायला कुणी जाऊ शकत नाही. अशी नळी बंद पडली तर काय होते आणि त्याची तयारी कशी असायला हवी, हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. उरणला येणारे तेल मुंबईतील माहुलच्या रिफायनऱ्यांना जाते. उरणच्या प्रकल्पात स्वयंपाकाचा गॅसही तयार होतो. साताऱ्यातल्या सिलिंडरची आणि सांगलीतल्या ट्रॅक्टरच्या डिझेलची साखळी अशाच वाहिन्यांपासून सुरू होते.

तेलाला उष्णता कशासाठी लागते?

खनिज तेल म्हणजे एकजिनसी द्रव नव्हे. त्यात हलके घटक असतात तसे मेणाचे घटकही असतात. भूगर्भात तापमान जास्त असल्याने मेण विरघळलेले राहते. तेल वर येऊन निवू लागले, की मेणाचे स्फटिक दिसू लागतात. आणखी निवले, की स्फटिक एकमेकांत अडकून जाळी तयार होते आणि तेल जेलीसारखे जागीच थांबते. ज्या तापमानाला तेल ओतता येईनासे होते त्याला गोठणबिंदू म्हणता येईल. साताऱ्याच्या थंडीत बाटलीतले खोबरेल तेल घट्ट होते. त्याची रासायनिक घडण वेगळी असली, तरी घरात दिसणारे हे चित्र समजुतीसाठी पुरेसे आहे. फरक इतकाच, की बाटली उन्हात ठेवता येते.

मुंबई हायचे तेल हलके आणि चांगल्या प्रतीचे मानले जाते, पण ते मेणयुक्त आहे. त्याचा गोठणबिंदू ३० अंशांच्या आसपास आहे. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, साधारण ७५ मीटर खोल पाण्यात हे क्षेत्र आहे. तिथल्या तळाचे पाणी वीस ते पंचवीस अंशांच्या घरात असते. म्हणजे समुद्र तेलाच्या गोठणबिंदूपेक्षा थंड. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने येथे तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, सुरुवातीला तेल टँकरने आणले गेले आणि १९७८ मध्ये ते समुद्राखालच्या पाइपलाइनने उरणला येऊ लागले. तेव्हापासून हा तापमानाचा प्रश्न या क्षेत्राच्या सोबत आहे.

वाहत असताना ते गोठत का नाही?

येथे दोन प्रकारच्या वाहिन्या वेगळ्या करून पाहाव्या लागतात. विहिरीच्या मंचापासून प्रक्रिया मंचापर्यंतच्या वाहिन्या तुलनेने आखूड आणि कमी व्यासाच्या असतात. त्यांत विहिरीतून सतत गरम तेल येत राहते. जितकी उष्णता समुद्र खेचून घेतो, तितकी मागून येणारे तेल भरून काढते.

किनाऱ्याकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिनीचे तसे नाही. मुंबई हाय ते उरण हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. अशा वाहिनीवरील काँक्रीटचे आवरण पाइप तळाशी घट्ट बसावा म्हणून असते, ऊब टिकवण्यासाठी नव्हे. ढोबळ हिशेब केला, तरी इतक्या लांबीत तेल वाटेतच समुद्राच्या तापमानाला येते. तरीही ते वाहते, कारण दोन गोष्टी मदतीला असतात. एक म्हणजे गोठणबिंदू खाली आणणारी रसायने. ही रसायने मेणाच्या स्फटिकांना चिकटतात आणि त्यांना एकमेकांत अडकू देत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द प्रवाह. हलत्या तेलात जाळी बनायला घेतली, की ती मोडत राहते.

यातूनच मुद्दा स्पष्ट होतो. वाहिनी बंद पडली, की आखूड वाहिनी उष्णता गमावते आणि लांब वाहिनी हालचाल गमावते. दोन्हीकडे परिणाम एकच, तेल बसू लागते.

थांबल्यावर हातात किती वेळ असतो?

उदाहरणादाखल एक हिशेब करता येतो. आठ इंची पोलादी पाइप घ्या. आत ६० अंशांचे तेल, बाहेर २४ अंशांचे पाणी आणि तेलाचा गोठणबिंदू ३० अंश. पाइपवर चांगले उष्णतारोधक आवरण असेल, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमधून तापमानाच्या प्रत्येक अंश फरकामागे दोन वॅट इतकीच उष्णता गळत असेल, तर तेल ३० अंशांवर यायला साधारण सव्वा दिवस लागतो. आवरण दहापट कमजोर असेल, तर तोच वेळ तीन तासांवर येतो.

सव्वा दिवसात बिघाड शोधता येतो, सुटा भाग हेलिकॉप्टरने आणता येतो, दुसऱ्या पाळीचे लोक येऊ शकतात. तीन तासांत नेमके काय बिघडले हेही कळलेले नसते. आवरणाची जाडी ठरवताना खरे तर हे तास विकत घेतले जात असतात.

या हिशेबात आणखी एक बारकावा आहे. तापमान सरळ रेषेत उतरत नाही. बाहेरच्या आणि आतल्या तापमानात फरक जास्त असतो तेव्हा घसरण वेगाने होते, नंतर ती मंदावते. वरच्या उदाहरणात निम्मी घसरण एकूण वेळेच्या पहिल्या सुमारे ३० टक्क्यांतच होऊन जाते. म्हणून सुरुवातीचे तास सर्वांत महागडे. शिवाय मेणाचे स्फटिक गोठणबिंदूच्या बरेच आधी दिसू लागतात. ‘अजून ३० अंश कुठे झालेत’ असे म्हणत थांबणे परवडणारे नसते.

या क्षेत्रात काम करणारे याला ‘नो-टच टाइम’ म्हणतात, म्हणजे वाहिनीला हात न लावता बिघाड दुरुस्त करण्यासाठी मिळणारा वेळ. तो संपत आला, की दुरुस्ती बाजूला ठेवून वाहिनी वाचवण्याची कामे सुरू करावी लागतात.

वायूच्या वाहिनीत वेगळे काय?

वायूत मेण नसते म्हणून तिथे धोका नाही, असे वाटू शकते. प्रत्यक्षात वायूची वाहिनी अधिक लवकर निवते. तेल जड असल्याने बरीच उष्णता धरून ठेवते. वायूकडे तसा साठा नसतो, जो थोडा असतो तो मुख्यतः पाइपच्या पोलादात. वरच्याच आठ इंची पाइपमध्ये तेलाऐवजी १०० पट वातावरणीय दाबाचा वायू असता, तर निवण्याचा वेळ निम्म्याहूनही कमी झाला असता.

वायूसोबत पाणी असेल, तर खरी अडचण सुरू होते. जास्त दाब आणि कमी तापमानात पाण्याचे रेणू वायूच्या रेणूंभोवती पिंजरा तयार करतात आणि बर्फासारखा घन पदार्थ बनतो. त्याला हायड्रेट म्हणतात. त्यासाठी शून्य अंशांची गरज नसते. १०० पट वातावरणीय दाबाला शुद्ध मिथेनचे हायड्रेट १३ अंशांच्या आसपासही टिकते. नैसर्गिक वायूत इथेन, प्रोपेन मिसळलेले असतील, तर त्याहून जास्त तापमानालाही. वायूवाहिन्या तुंबतात त्या साध्या बर्फाने नव्हे, तर हायड्रेटने, हे अमेरिकेतील हॅमरश्मिट यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले.

२०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात मॅकोंडो विहिरीची गळती झाली. ती झाकण्यासाठी सुमारे दीड हजार मीटर खोलीवर पोलादी घुमट उतरवला गेला, पण तो हायड्रेटने आतून तुंबला आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. जगभर बातम्या झालेल्या त्या मोहिमेला थंड पाणी, वायू आणि दाब यांच्या साध्या जुळणीने अडवले होते.

मुंबई हाय उथळ आणि तुलनेने उबदार पाण्यात असल्याने तिथे तळाच्या वाहिन्यांत हा धोका कमी आहे. खोल समुद्रात तो पहिल्या क्रमांकावर येतो. हजार मीटर खोलीवर पाणी दहा अंशांच्याही खाली असते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००६ च्या राष्ट्रीय मोहिमेत समुद्रतळाखाली नैसर्गिक हायड्रेटचे साठेच सापडले. ज्या परिस्थितीत निसर्ग हायड्रेट बनवतो, त्याच परिस्थितीत आता पाइप टाकले जात आहेत.

गोठलेली वाहिनी पंपाने का हलत नाही?

‘जास्त दाब द्या, सुटेल’ हा पहिला विचार. त्याचाही हिशेब पाहू. गोठलेले तेल पाइपच्या भिंतीला धरून बसते. समजा, ही पकड अगदीच नाममात्र आहे. दर चौरस मीटरला १० न्यूटन, म्हणजे एक किलोच्या पिशवीच्या वजनाइतकी. एवढ्या पकडीवर हसू येईल. पण ३० इंची, २०० किलोमीटर लांब वाहिनीच्या आतल्या भिंतीचे क्षेत्रफळ साडेचार लाख चौरस मीटरहून अधिक भरते. ही सगळी पकड एकदम सोडवायची, तर सुमारे ११० पट वातावरणीय दाब लागेल. पकड पाचपट झाली, तर लागणारा दाब अशा पाइपच्या सोसण्यापलीकडे जातो.

प्रत्यक्षात जाळी एकदम सुटत नाही. एका टोकापासून दबत, मोडत जाते आणि त्यामुळे इतका दाब लागत नाही. तरीही अंदाज चुकला, तर समुद्राखालची वाहिनी कायमची सोडून द्यावी लागण्याची वेळ येऊ शकते. म्हणून वाहिनी पुन्हा सुरू करण्याचा विचार ती बंद पडल्यावर नव्हे, ती टाकण्यापूर्वी करावा लागतो.

बंद पडण्याची वेळ खरेच येते का?

येते, आणि सांगून येत नाही. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई महापुरात बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय नॉर्थ मंचावर आदळले. वायूची उभी नळी फुटून आग लागली आणि सुमारे दोन तासांत अख्खा मंच नष्ट झाला. २२ जणांचे प्राण गेले. आसपासच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. पुढच्या काही आठवड्यांत तेल दुसऱ्या मंचांकडे वळवून बराचसा प्रवाह परत आणण्यात आला.

३ सप्टेंबर २०१९ रोजी आग समुद्रात नव्हे, उरणच्या वायू प्रक्रिया प्रकल्पात लागली. चौघांचा मृत्यू झाला. प्रकल्प थांबल्याने वायू गुजरातमधील हजिराकडे वळवावा लागला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात हाहाकार केला आणि पी-३०५ ही तराफा-नौका बुडून अनेक कामगार दगावले.

या तिन्ही घटनांत पहिली चिंता माणसांची होती आणि तशीच असायला हवी. पण म्हणूनच वाहिनीच्या तासांचा हिशेब आधी करून ठेवावा लागतो. आगीच्या किंवा वादळाच्या वेळी नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला एकीकडे जीव वाचवायचे असतात आणि दुसरीकडे निवत चाललेली वाहिनी खुणावत असते. तिच्यात पुरेसा वेळ भरलेला असेल, तर तो निर्धास्तपणे माणसांकडे पाहू शकतो. नसेल, तर घाईने निर्णय घेतले जातात. उष्णतारोधक आवरणाला केवळ उत्पादनाच्या खर्चात मोजणे चुकीचे आहे, ते याच कारणाने.

उपाय कोणते आहेत?

पहिला उपाय ऊब टिकवण्याचा. साधे फेसाळ आवरण खोल पाण्याच्या दाबाने चिरडते. म्हणून तिथे एका पाइपमध्ये दुसरा पाइप घालून मधल्या पोकळीत रोधक भरतात. थर्मासचेच तत्त्व. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील केजी-डीडब्ल्यूएन-९८/२ या गटातून ओएनजीसीने ७ जानेवारी २०२४ रोजी पहिले तेल काढले. तिथले तेलही मेणयुक्त आहे. त्यासाठी भारतात प्रथमच पाइपमध्ये पाइप ही पद्धत वापरल्याचे तेव्हा जाहीर करण्यात आले.

दुसरा उपाय ऊब देण्याचा. राजस्थानातील बाडमेरच्या मंगला क्षेत्राचे तेल इतके मेणयुक्त आहे, की वाळवंटातही ते थंडीत गोठेल. तिथून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटरची वाहिनी टाकली गेली. ती उष्णतारोधक आहे आणि तिला वाटेत ठरावीक अंतरावरील केंद्रांतून विजेने तापवले जाते. नॉर्वेच्या समुद्रात ऑसगार्ड क्षेत्रात २००० पासून समुद्राखालच्या वाहिनीत थेट वीज खेळवून ती गरम ठेवण्याची सोय आहे.

तिसरा उपाय तेलाचा स्वभाव बदलण्याचा. आसाममध्ये १९६० च्या दशकात नहारकटियाहून बरौनीकडे मेणयुक्त तेल पाठवताना ते आधी तापवून मग ठरावीक गतीने निववले जाऊ लागले. तूप कसे निवते, त्यावर ते रवाळ होणार की नाही, हे ठरते. मेणाचेही तसेच. निवण्याची गती सांभाळली, तर स्फटिकांची जाळी कमजोर बनते आणि तेल कमी तापमानालाही वाहते. रसायने हेच काम दुसऱ्या मार्गाने करतात.

चौथा उपाय बंद पडल्यावरचा. तेलाच्या जागी डिझेल किंवा वायू काढून टाकलेले तेल ढकलणे, वायूवाहिनीतला दाब उतरवणे, हायड्रेट रोखण्यासाठी मिथेनॉल किंवा ग्लायकॉल सोडणे. हे सगळे नो-टच टाइम संपण्याआधी पुरे व्हावे लागते. त्यासाठी लागणारे पंप, टाक्या आणि रसायने आधीपासून तिथे असावी लागतात. वीज गेल्याने वाहिनी बंद पडली असेल आणि वाचवणारे पंपही त्याच विजेवर चालत असतील, तर कागदावरचा उपाय कागदावरच राहतो.

इतकी वर्षे चालले, मग आता काळजी का?

हा आक्षेप बिनबुडाचा नाही. मुंबई हायच्या वाहिन्या जवळपास पाच दशके तेल आणत आहेत, जुन्या झालेल्या वाहिन्या टप्प्याटप्प्याने बदलल्याही जातात. रसायने आणि अनुभवी माणसे यांच्या जोरावर हा गाडा चालला आहे. आवरण महाग असते, हेही खरे. मग नव्याने हिशेब कशाला?

कारण परिस्थिती दोन बाजूंनी बदलते आहे. एकीकडे मुंबई हाय वयस्क होत आहे. जुन्या क्षेत्रात तेलाचा ओघ घटतो आणि सोबत येणारे पाणी वाढते. वाहिनी मात्र मूळ, मोठ्या प्रवाहासाठी आखलेली असते. त्यातून कमी तेल सावकाश वाहू लागले, की ते वाटेत अधिक निवते. नव्या पाइपला बंद पडल्यावर जितके तास मिळत होते, तितके जुन्याला मिळत नाहीत, कारण तो चालू असतानाच थंड असतो. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने या क्षेत्राचे उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. म्हणजे हे क्षेत्र आणखी बरीच वर्षे चालवायचे आहे.

दुसरीकडे नवे तेल खोल पाण्यात शोधले जात आहे. तिथे मेण आणि हायड्रेट हे दोन्ही शत्रू एकाच वेळी समोर असतात. उथळ, उबदार समुद्रातला पाच दशकांचा अनुभव मोलाचा आहे, पण तिथे तो जसाच्या तसा उपयोगी पडणार नाही.

सातारा-सांगलीचा यात काय संबंध?

या दोन जिल्ह्यांना समुद्र नाही. पण निवण्याचे शास्त्र रोज हाताळणारे कारखाने आहेत. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळेचा राजारामबापू, कुंडलचा क्रांतिअग्रणी अशी नावे सहज सांगता येतील. प्रत्येक हंगामात अशा कारखान्यांतून दाट, गरम, निवल्यावर घट्ट होणारे पदार्थ नळ्यांतून वाहतात आणि गाळप अधूनमधून थांबते. शेवटच्या प्रतीचे मॅसेक्विट तर मुद्दाम निववले जाते, म्हणजे मळीतली उरलेली साखर कणांवर बसते आणि मग ते यंत्रात सोडण्याआधी पुन्हा थोडे तापवले जाते. किती निववायचे आणि कुठे थांबायचे, हे ज्ञान इथल्या कामगारांच्या हातात आहे.

शेजारीच अभियांत्रिकी शिक्षणाची जुनी परंपरा आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. वर्गात उष्णतेची काळानुसार होणारी घट शिकवताना तापलेल्या धातूच्या गोळ्याचे उदाहरण सर्रास दिले जाते. त्याऐवजी बंद पडलेल्या कारखान्यातली मळीची नळी घेतली, तर विद्यार्थ्याला तापमापक लावून खरी वक्ररेषा मिळेल. आवरण बदलून किती तास वाढले, हे मोजता येईल. घट्ट झालेला लगदा सुटायला किती दाब लागतो, हेही पाहता येईल. समुद्राखालच्या वाहिनीवर कोणत्याही विद्यार्थ्याला असा प्रयोग करता येणार नाही. त्या प्रयोगाची छोटी आवृत्ती मात्र दुचाकीवरून जाण्याच्या अंतरावर आहे.

याचा कारखान्यांनाही फायदा आहे. नळी गरम ठेवण्यासाठी आणि धुण्यासाठी लागणारी वाफ फुकट येत नाही. ती बगॅस जाळून बनते आणि तोच बगॅस आज वीजनिर्मितीसाठी लागतो.

मग काय व्हायला हवे?

पहिली गोष्ट मोजण्याची. तेलक्षेत्राची बातमी येते, ती रोज किती पिंप तेल निघणार, याची. वाहिनीची बातमी येते, ती किती किलोमीटर आणि किती कोटींची, याची. वाहिनी बंद पडली तर किती तास तग धरेल, हा आकडा कुठेच नसतो. प्रकल्पाला मंजुरी देताना हा आकडा उत्पादनाच्या आकड्याशेजारी लिहिला गेला पाहिजे. तो एकदाच लिहूनही भागणार नाही. प्रवाह घटत जाईल तसा तो पुन्हा काढावा लागेल.

दुसरी गोष्ट सांगण्याची. समुद्रातील तेलकामांच्या सुरक्षेसाठी २००८ चे नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आहे. मोठ्या बंदनंतर वाहिनी किती वेळ थांबली, तापमान कुठवर उतरले, ती कशी सुरू झाली, काय अडले, याचा तांत्रिक वृत्तांत या यंत्रणेमार्फत प्रसिद्ध व्हायला हवा. यात व्यापारी गुपिते फुटतील, अशी भीती घातली जाईल. पण विहिरीत किती तेल आहे, हे गुपित असू शकते. पाइप कसा निवतो, हे भौतिकशास्त्र आहे. एका क्षेत्राने घेतलेला धडा दुसऱ्याला पुन्हा पैसे मोजून शिकावा लागू नये.

तिसरी गोष्ट माणसांची. खोल समुद्रासाठी लागणारे बरेच साहित्य आणि ज्ञान आज बाहेरून येते. आवरणांची चाचणी, मेणयुक्त तेलाचे प्रयोग आणि बंद पडल्यानंतरच्या प्रक्रियेचा सराव यांसाठी देशात प्रशिक्षित माणसे लागतील. ती केवळ किनाऱ्यावरच्या मोठ्या संस्थांतून पुरेशी मिळणार नाहीत. कराड, सांगलीसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांना छोटे, नेमके प्रश्न आणि माफक निधी दिला, तरी हे काम सुरू होऊ शकते.

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. अशा देशात समुद्रातून येणारा प्रत्येक थेंब महत्त्वाचा, हे वाक्य वारंवार ऐकू येते. ते खरे मानायचे, तर तो थेंब वाटेत अडकला तर काय, याचेही उत्तर तयार हवे. गुळव्या चुलवाण पेटवण्याआधी वाफा आणि साचे धुऊन मांडून ठेवतो. रस उकळायला लागल्यावर साचे शोधत फिरणाऱ्याच्या हाती गूळ लागत नाही, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. तेलवाहिन्यांच्या नियोजनात हीच रीत यायला हवी.